वेदीपुढची फुले आणि फुलदाणीतले पाणी

शनिवारी संध्याकाळी सजवलेली फुलदाणी रविवारच्या मिस्साला प्रसन्न दिसते आणि मंगळवारपर्यंत मान टाकते. आपण फुलवाल्याला नावे ठेवतो. खरे कारण बहुधा फुलदाणीतल्या पाण्यात असते. आपल्या नारपोलीत बाग म्हणजे दारातल्या किंवा गॅलरीतल्या चार कुंड्या. त्यांतला एखादा गुलाब पवित्र मरियेच्या मूर्तीपुढे ठेवला, तर तो चार दिवस जास्त टिकावा असे कोणाला वाटणार नाही?

तोडलेले फूल लगेच मरत नाही. देठात केसाहून बारीक नळ्या असतात. पानापाकळ्यांतून पाणी हवेत उडत राहते आणि त्या ओढीने खालचे पाणी वर चढते. द्राक्षवेल आणि फांद्यांचा प्रभूचा दाखला (योहान, अध्याय १५) आपल्याला ठाऊक आहे. वेलापासून तुटलेली फांदी सुकणारच. फुलाचेही तेच आहे, फक्त पाण्याची वाट मोकळी राहिली तर त्याला काही दिवस मिळतात. ही वाट दोन गोष्टींनी बंद होते. देठ कापताच टोकातून हवा आत शिरते आणि बुडबुडा अडकतो. नंतर पाण्यात जंतू वाढतात आणि नळ्यांची तोंडे बुजवतात. मग भरल्या फुलदाणीतही फूल तहानलेलेच राहते.

म्हणून फुले सकाळी लवकर, ऊन चढण्याआधी तोडा आणि लगेच पाण्यात ठेवा. फुलदाणीत लावण्यापूर्वी बादलीत देठ पाण्याखाली धरून इंचभर तिरका कापा. त्यासाठी धारदार सुरी हवी. बोथट कात्रीने देठ चेपतो. पाण्यात बुडणारी सगळी पाने काढून टाका, कारण तीच आधी कुजतात. माझ्या मते या एका गोष्टीने जितका फरक पडतो तितका कोणत्याही पुडीने पडत नाही.

पाण्यात काही घालायचेच असेल तर एक लिटर पाण्यात चमचाभर साखर, अर्ध्या लिंबाचा रस आणि कपड्यांच्या ब्लीचचे काही थेंब पुरेत. ब्लीच आणि लिंबूरस एकमेकांत थेट मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो. दोन्ही वेगवेगळे पाण्यात घाला. नुसती साखर घालणे मात्र वाईट, तिच्यावर जंतूच पोसतात. तांब्याचे नाणे टाकायची जुनी सवय आता सोडायला हरकत नाही, आजची नाणी तांब्याची नसतात.

प्रत्येक फुलाची रीत वेगळी. निशिगंध खालून वर फुलत जातो. खालची सुकलेली फुले काढत राहिले की दांडी बरेच दिवस शोभते. जरबेराचा देठ मऊ, त्याला तीनचार बोटेच पाणी द्या. शेवंती सर्वांत सोशिक. जास्वंद सकाळी उमलते आणि संध्याकाळी मिटते, तिला पाणी दिले काय, न दिले काय! गुलाबाने मान टाकली तर देठ पुन्हा कापून पूर्ण फूल तासभर पाण्यात आडवे ठेवा, पुष्कळदा तो सावरतो. पिकलेली केळी, आंबे आणि उदबत्तीचा धूर यांत इथिलीन नावाचा वायू असतो, त्याने फुले लवकर कोमेजतात. पंख्याचा झोतही नको.

आता महत्त्वाचे. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाला असेच स्वच्छ, साठलेले पाणी लागते. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला आठदहा दिवस पुरतात. आपल्यासारख्या दाट वस्तीत फुलदाणीकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. पाणी एक दिवसाआड बदला. केवळ ओतून टाकू नका. हा डास पाण्याच्या रेषेजवळ भांड्याला अंडी चिकटवतो, आणि ती कोरडी राहूनही कित्येक महिने जगतात. आतून ब्रशने घासलेच पाहिजे. वरच्या माळ्यावर, कोपऱ्यात विसरलेली फुलदाणी प्रथम शोधा.

चर्चमध्ये फुले किती आणि कुठे ठेवावीत हेही ठरलेले आहे. रोमन मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांनुसार (क्र. ३०५) वेदीची सजावट संयमाने करावी आणि फुले वेदीच्या पृष्ठभागावर न ठेवता वेदीभोवती ठेवावीत. आगमनकाळात ती बेताची असावीत. प्रायश्चित्तकाळात वेदीला फुलांची सजावट नसते. चौथा रविवार, तसेच सोहळे व सण हे अपवाद. म्हणजे १९ मार्चला संत जोसेफच्या सोहळ्याला फुले चालतात. प्लास्टिकच्या फुलांना पाणी लागत नाही हे खरे, पण जे कोमेजतच नाही ते अर्पण केल्यासारखे मला तरी वाटत नाही.

राखेच्या बुधवारआधी फुलदाण्या कपाटात जातील, तेव्हा त्या घासून, उन्हात वाळवून, पालथ्या ठेवा. सुकलेली फुले पिशवीत बांधून कचऱ्यात टाकण्यापेक्षा कुंडीतल्या मातीत मिसळा.