एक घास कमी, पण रोज



रविवारच्या वंदनेनंतर आमच्या सोनगीरच्या विहारात मी बीपीचं मशीन आणि वजनकाटा घेऊन बसते. नर्सची नोकरी सुटली, ही सवय सुटली नाही. काट्यावर पाय ठेवण्याआधी बायका चप्पल काढतात, पर्स बाजूला ठेवतात, एखादी तर बांगड्याही उतरवायला निघते. आणि आकडा दिसला की ठरलेलं वाक्य ऐकू येतं: "ताई, मी ते काहीच खात नही, तरी आंग वाढी राह्यनं."

पूर्वी मला मनातल्या मनात हसू यायचं. आता येत नाही, कारण हेच वाक्य मी स्वतः एका डॉक्टरांना सांगितलेलं आहे. तेव्हा मी नाईट ड्युटीवर होते, वजन ८१ किलो, उपाशीपोटीची साखर काठावर. त्याआधी दोनदा वजन उतरवून झालं होतं. एकदा रात्रीचं जेवण सोडून, एकदा डब्यातली पावडर दुधात घालून. पावडरीने तीन महिन्यांत नऊ किलो गेले आणि वर्षभरात अकरा परत आले. दोन किलो व्याज! पेशंटला आहार समजावून सांगणारी मी, माझंच शरीर मला समजत नव्हतं.

मला जे उपयोगी पडलं ते आपल्याच घरात होतं. संयुत्त निकायात कोसलचा राजा पसेनदी याची गोष्ट आहे. राजा द्रोणभर भात जेवायचा. द्रोण म्हणजे धान्य मोजायचं मोठं माप, आपल्या पायलीसारखं समजा. असाच भरपेट जेवून तो धापा टाकत भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला रागावलं नाही, उपास करायलाही सांगितलं नाही. जो सावध राहून जेवणाची मात्रा ओळखतो त्याच्या वेदना कमी होतात आणि म्हातारपण हळू येतं, अशा अर्थाची एक गाथा त्यांनी सांगितली. राजाच्या मागे सुदस्सन नावाचा तरुण उभा होता. राजाने त्याला ती गाथा पाठ करायला लावली आणि माझ्या प्रत्येक जेवणाला म्हण, असं सांगून रोजचे शंभर कार्षापण कबूल केले. (आपल्या घरी हे काम नातवंडं फुकट करतील, उलट आनंदाने करतील.) हळूहळू राजा नाळीभर भातावर आला. नाळी हे बरंच लहान माप. अंग हलकं झालं तेव्हा त्याने स्वतःच्या अंगावरून हात फिरवत भगवंतांचे उपकार मानले.

अट्ठकथेत याची रीतही दिली आहे. राजा शेवटचा घास घ्यायला लागला की गाथा म्हणायची. राजाने तो घास ठेवून द्यायचा. आणि त्या घासात जेवढी शितं असतील त्या हिशोबाने दुसऱ्या दिवशी तांदूळच कमी शिजवायचे.

मी ही गोष्ट नर्सच्या नजरेने वाचली आणि थक्क झाले. यात एकदम तोडणं नाही, लाज देणं नाही. आठवण करून देणारं माणूस शेजारी आहे. आणि कमी करण्याची जागा ताट नाही, भांडं आहे. ताटात टाकायचं नाही, उद्या कणीक कमी भिजवायची. अन्न वायाही जात नाही. मी माझ्या घरी हेच केलं. रोज रात्री माझ्या वाटणीची भाकरी थोडी लहान थापली, महिना-दीड महिना. कुणाच्या लक्षातही आलं नाही, माझ्या पोटाच्यासुद्धा.

पण त्याआधी मनाचं पाहावं लागतं, आणि आपल्या समाजात ते जास्त पाहावं लागतं. आपल्या आजी-आजोबांनी भूक पाहिली आहे. सणाच्या दुसऱ्या दिवशी दारोदार मागून आणलेलं शिळं त्यांनी खाल्लं आहे. ज्या घरात पिढ्यान् पिढ्या ताट अर्धं राहिलं, त्या घरात भरलेलं ताट म्हणजे इज्जत. म्हणून आपण पाहुण्याला "अजून एक घ्या" म्हणतो, मुलाला ताट पुसून उठायला लावतो, आणि कुणी नको म्हटलं तर आपल्याला लागतं. यात वाईट काही नाही. पण ती भूक आता बऱ्याच घरांत उरलेली नाही आणि हात मात्र अजून त्या भुकेलाच वाढतो आहे. कमी जेवणं म्हणजे गरिबीकडे परत जाणं नव्हे, हे मला स्वतःला समजवायला फार वेळ लागला. माझी आई तर शेवटपर्यंत म्हणायची, नोकरी लागली आणि पोरगी वाळली.

आता त्या "काहीच खात नही"कडे येऊ. एका मावशींच्या नातीला मी वही दिली आणि सांगितलं, तीन दिवस आजीच्या तोंडात जे जाईल ते लिही, विचारू नको, फक्त लिही. मावशी खोटं बोलत नव्हत्या. त्या खरोखर ताट घेऊन बसतच नव्हत्या. पण वहीत पाच कप चहा निघाला. नातवाने टाकलेली अर्धी भाकरी, भांड्याला लागलेली शेवभाजी, मुठीमुठीने शेव, चहात बुडवलेले टोस्ट. बाई सर्वांच्या शेवटी जेवते, उभ्याने जेवते आणि उरलेलं संपवते, म्हणून तिच्या खाण्याची नोंद तिच्या स्वतःच्या डोक्यातही होत नाही. मी मावशींना पहिलं काम सांगितलं ते कमी खायचं नव्हतंच. सर्वांबरोबर ताट वाढून बसायचं. सून आधी थोडी नाराज झाली, नंतर तीही बसायला लागली.

चहाचा हिशोब करून पाहा. कपाला दोन चमचे साखर, पाच कप, म्हणजे दहा चमचे, जवळजवळ ५० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घेतलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. चहा सोडा असं मी खानदेशात कुणाला सांगणार नाही, कारण ऐकणार कोण? दर पंधरा दिवसांनी पाव चमचा कमी करा. जिभेला ते कळत नाही.

तेलाचंही तसंच. एका ग्रॅम तेलात ९ कॅलरी, एका ग्रॅम पिठात ४. आपल्या शेवभाजीवर लाल तर्री तरंगल्याशिवाय पाहुण्याला समाधान नाही, आणि शेव मुळात तळलेली. महिन्यातून एकदा खा, मजेत खा. रोजच्या भाजीला माणशी दिवसाला चार-पाच छोटे चमचे तेल पुरे. बाटलीतून थेट कढईत ओतू नका, चमच्याने घाला. एवढ्या एका सवयीने आमच्या घरचा तेलाचा खर्चही उतरला.

मासिकांत येतं की ओट्स खा, बदाम खा, ऑलिव्ह तेल वापरा. वाचून मला रागच येतो. रेशनवर गहू-तांदूळ येतो आणि बदाम सांगायचे कुणाला? आपली कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेली, पोटाला नुसत्या गव्हाच्या पोळीपेक्षा जास्त वेळ धरते. मूग, मटकी, चवळी यांची उसळ, अंडं, मासळी, बिनतर्रीचं मटण, फौजदारी डाळ, भाजलेल्या वांग्याचं भरीत, तांदुळजा, अंबाडी, मेथी. ताटाचा अर्धा भाग भाजीने भरा, पाव भागात डाळ-उसळ किंवा अंडं-मांस घ्या, उरलेल्या पाव भागात भाकरी-भात. आपल्याकडे बहुतेक घरी हे उलटं असतं: भाकरी चार, भाजी लावण्यापुरती. आधी डाळ-भाजी खा, भाकरी नंतर. भूक अर्धी तिथेच भागते.

काही जण म्हणतील, मी तर बारीक आहे, हे माझ्यासाठी नाही. त्यांना पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं उदाहरण सांगते. २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांचा आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी-शेजारी छापला होता. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१. आपली शरीरं अशी आहेत, हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे. म्हणून आपल्याकडे मर्यादा कमी धरतात. पाच फूट उंचीच्या बाईचं वजन ५३ किलोच्या वर गेलं की सावध व्हायचं. कंबर बाईची ८० सेंटिमीटर, पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या आत हवी. टेप नसेल तर एक दोरी डोक्यापासून पायापर्यंत मापा आणि मधोमध दुमडा. ती दुमडलेली दोरी कमरेला पुरली पाहिजे.

वर्षावासात आपल्या अनेक उपासिका पौर्णिमेला अष्टशील घेतात, दुपारनंतर जेवत नाहीत. ते शील मन आवरण्यासाठी आहे, वजनासाठी नाही. मी पाहिलं आहे, दुसऱ्या दिवशी सकाळी कालची सगळी भूक एकाच ताटात वसूल होते. सिद्धार्थ गौतमाने कठोर उपवास करून पाहिला आणि सोडूनही दिला, सुजातेची खीर घेतली. ते का सोडलं, हे आपण दरवर्षी खीर वाटताना विसरतो.

झटपट उतरलेलं वजन परत येतं, यामागे शरीराचा स्वभाव आहे. वजन घटलं की भूक वाढवणारं संप्रेरक वाढतं, पोट भरल्याचं सांगणारं कमी होतं, आणि शरीर कमी ऊर्जेत भागवायला लागतं. त्याला वाटतं दुष्काळ पडला. अमेरिकेत टीव्हीवरच्या स्पर्धेत भराभर वजन उतरवलेल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासलं, तेव्हा बहुतेकांचं वजन बरंच परत आलं होतं आणि शरीराची ऊर्जा जाळण्याची गती तेव्हाही मंदच होती. म्हणून महिन्याला एक-दोन किलो पुरे. आणि खूप उतरायलाही नको. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्याच एका मोठ्या अभ्यासात, साखर काठावर असलेल्यांना वजन सात टक्के उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालायचं एवढंच उद्दिष्ट दिलं होतं. त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. ८१ किलोच्या बाईला सात टक्के म्हणजे पाच-सहा किलो. मला ११ किलो उतरवायला दोन वर्षं लागली. चार वर्षं झाली, दोन किलो वर-खाली होतात, तेवढंच. लग्नसराईत दोन वाढले तर मी आता रडत नाही, दुसऱ्या दिवशी नेहमीच्या ताटावर येते.

एक मात्र नीट वाचा. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण चुकवू नका, साखर एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडतो. वजन उतरायला लागलं की गोळीचा डोस बदलावा लागू शकतो, तो डॉक्टरांनी बदलायचा, शेजारणीने नाही. गरोदर बाई आणि टीबीचे पेशंट यांनी वजन उतरवायच्या भानगडीत पडू नये. काही न करता वजन आपोआप घटत असेल तर खूश होऊ नका, साखर, थुंकी, थायरॉइड तपासून घ्या.

त्या वहीवाल्या मावशी ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जाणं कधी चुकवत नसत. १९३७ साली बाबासाहेब तिथे राहिले, म्हणून तिथे यात्रा भरते. पण गुडघ्यांमुळे तीन वर्षं त्या खाली गाडीतच बसून राहायच्या, बाकीचे वर जाऊन यायचे. गेल्या ३१ जुलैला त्यांचं वजन साडेचार किलोने कमी होतं. नातीचा हात धरून, दोनदा बसून, त्या वर पोहोचल्या. वरून मला फोन केला, धाप लागलेली होती, बोलणं नीट कळलं नाही. नंतर नातीने फोन घेतला आणि विचारलं, "ताई, आजी विचारते, इथं खिचडी वाटी राह्यनात, कितली खाऊ?"