आयव्हॅन्हो याचें आत्मनिवेदन

विद्यार्थिमित्रहो, सर वॉल्टर स्कॉट यांच्या १८१९ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या कादंबरीचे आम्ही नायक. इंग्लंडच्या इतिहासांत आमचा शोध कराल तर निराश व्हाल. ११९४ सालीं कैदेंतून परतलेला राजा रिचर्ड खरा. आम्ही मात्र कल्पनेचें अपत्य. नॉर्मनांनीं १०६६ सालीं इंग्लंड जिंकलें. त्यानंतर सव्वाशें वर्षांनींही सॅक्सनांशीं त्यांचें हाडवैर धगधगत होतें, असें आमची कथा सांगते. इतिहासकारांस तें मान्य नाहीं. म्हणून आमच्याकडून इतिहासाची गोडी घ्यावी, पुरावा घेऊं नये.

आमचा पराक्रमही बेताचाच. ॲशबीच्या रणक्रीडेंत आम्ही जिंकलों खरे. परंतु टॉर्किलस्टोनच्या किल्ल्यावर हल्ला झाला तेव्हां आम्ही जखमी होऊन अंथरुणावर पडलों होतों! बाणांची पर्वा न करतां खिडकीशीं उभी राहून युद्धाचा वृत्तांत सांगत होती, ती आमची शुश्रूषा करणारी रिबेका.

आमच्या जनकांचें धैर्य मात्र कल्पित नव्हे. १८२६ सालीं त्यांची भागी असलेला छापखाना व त्यांचे प्रकाशक बुडाले आणि एक लाख पौंडांहून अधिक कर्ज त्यांच्या माथीं आलें. त्याच वर्षीं पत्नी निवर्तली. तरी दिवाळें न काढतां लेखणीनें ऋण फेडण्याचा निश्चय त्यांनीं केला. १८३२ सालीं ते वारले तोंवर पुष्कळ कर्ज फिटलें होतें. उरलेलें पुढें त्यांच्या ग्रंथांनींच फेडलें.

मुलांनो, आमच्या भाल्याचें कौतुक करितांना त्या लेखणीचेंही स्मरण असूं द्या.