डब्यातल्या भोपळ्याचे घारगे

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहते. डब्यातल्या भोपळ्याच्या गराचे घारगे केले. पीठ सैल झाले, घारगे तेल प्यायले आणि इथल्या ऑक्टोबरातल्या मिठायांसारखा भोपळ्याचा स्वादही आला नाही. काय चुकले?

उत्तर : ताई, तो स्वाद भोपळ्याचा नव्हेच, दालचिनी, जायफळ, सुंठ, लवंगेचा. घारग्यांना चिमूटभर जायफळ पुरे. खरी गडबड पाण्याची. गर तुपावर गोळा होईपर्यंत परता, गरम असतानाच चिरलेला गूळ विरघळवा, निवल्यावर मावेल तेवढीच कणीक घाला. वरून पाणी अजिबात नको. डब्यावर ‘पाय मिक्स’ लिहिले असेल, तर त्यात साखर-मसाला आधीच असतो, तो डबा टाळा. बटरनट भोपळा मिळाला तर माझे मत त्यालाच. हॅलोविनला कोरून दाराशी ठेवलेला भोपळा मात्र स्वयंपाकात आणू नका.