पक्षी आले म्हणून पाणी प्यावे का?

निफाड तालुक्यातले गोदावरीवरचे नांदूर मधमेश्वर २०२० साली महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. हिवाळ्यात तिथे परदेशी बदके उतरतात. पण पक्षी दिसले म्हणजे पाणी चांगले, असे नाही. महाडला १९२७ साली आपण पाण्याचा हक्क बजावला. ते पाणी कसे आहे हे विचारणेही त्यातच आले.

काठचा दगड उलटून पाहा. खाली फक्त लालभडक अळ्या असतील तर पाण्यात प्राणवायू कमी, बहुधा सांडपाणी मिसळलेले. तो लाल रंग हिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तात असतो तोच. पानवेली माजली, तर खत-मैल्याचे नत्र-स्फुरद वाढले समजा.

काविळीचे, हगवणीचे जंतू मात्र असे दिसत नाहीत. नितळ पाणीही खळखळ उकळून, झाकून ठेवा. लेकरांना तेच द्या.