इच्छामरणाची मागणी आणि उतारवयातले नैराश्य

प्रश्न : वडील ७८ वर्षांचे. आई गेल्यापासून त्यांची अन्नावरची वासना उडाली आहे, पहाटे तीनलाच जाग येते. ‘मला इच्छामरण मिळवून दे’ म्हणतात. हे वयामुळेच का?

उत्तर : उतारवयातले नैराश्य हा म्हातारपणाचा भाग नव्हे, तो उपचारांनी बरा होऊ शकणारा आजार आहे. मरणाची मागणी पुष्कळदा त्यातूनच येते आणि उपचारांनंतर ओसरते. म्हणून ती ठाम निर्णय समजू नये, थट्टेवारीही नेऊ नये. इच्छामरणाबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली ती असाध्य आजारात कृत्रिम जीवरक्षक उपचार थांबवण्याला. नैराश्याला ती लागू नाही. मनोविकारतज्ज्ञांना लवकर दाखवावे, थायरॉइड आणि बी-१२ तपासावे. औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात. तोवर गोळ्या, कीटकनाशके कुलपात असावीत, वडिलांजवळ सतत कुणीतरी असावे. ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते.