कोड पुसायच्या आधी

पोरा, आजऱ्यात गॅरेज टाकतोयस, तर पहिल्या पावसात तुझ्या दारात कोण येणार ते आत्ताच सांगतो. गाडी उत्तम चालतीय, पिकअप आहे, ॲव्हरेज आहे. फक्त मीटरवर इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा काल गवसे ओलांडल्यावर लागला आणि आज सकाळी विझलाय. गिऱ्हाईक म्हणणार, "स्कॅनर लाव आणि तेवढं पुसून टाक." तू पुसू नकोस. कायम लागलेला दिवा शोधायला सोपा. येऊन-जाऊन असणाऱ्या दिव्याचा माग गाडीच्या कॉम्प्युटरनं लिहून ठेवलेल्या नोंदीतच सापडतो, आणि पुसायचं बटण दाबलं की ती नोंद गेली. बॅटरीची वायर काढून ठेवली तरी पुष्कळ गाड्यांत तेच होतं.

आपल्याकडं १ एप्रिल २०१३ पासून विकलेल्या गाड्यांना ओबीडी-दोन ही दोष टिपून ठेवणारी यंत्रणा सक्तीची आहे. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं सॉकेट सापडेल, तिथं स्कॅनर लाव आणि आधी फ्रीझ फ्रेम उघड. दोष पकडला त्या क्षणी इंजिनचे आरपीएम किती, गाडीचा वेग किती, कूलंटचं तापमान किती, भार किती, हे सगळं तिथं असतं. वहीत उतरून घे किंवा मोबाईलवर फोटो काढ. मग पेंडिंग कोड बघ. बहुतेक दोषांना कॉम्प्युटर पहिल्या वेळी नुसती खूण करून ठेवतो. पुढच्या एक-दोन फेऱ्यांत तोच दोष पुन्हा दिसला की दिवा लावतो. नंतर लागोपाठ तीन फेऱ्या निर्दोष गेल्या की दिवा आपोआप विझतो. इंजिन थंडाचं गरम व्हायच्या चाळीसेक खेपा बिनदोष झाल्या की कोडही निघून जातो. म्हणून दिवा विझलेली गाडी आली तरी परत पाठवू नकोस, दोषाची नोंद अजून आत असते.

बॉनेट उघडायच्या आधी गिऱ्हाईकाला बसव, चहा दे आणि विचार. थंड गाडीला लागला की तापल्यावर? पाऊस होता का? त्याआधी वॉशिंगला दिली होती का, प्रेशरनं इंजिन धुतलं का? पेट्रोल कधी आणि कुठं भरलं? सावंतवाडीहून आंबोली घाट चढून आल्यावर लागला, की आजरा-गडहिंग्लज सरळ रस्त्यावर? गाडी गणपतीला मुंबईहून येऊन आठवडाभर अंगणात उभी होती का? या उत्तरांनी निम्मं काम होतं, आणि ती उत्तरं कुठलाच स्कॅनर देत नाही. गिऱ्हाईक म्हणालं, "धुवून आणल्यावर लागला, दोन दिवसांनी गेला," तर इग्निशन कॉइल आणि तिचा कपलर आधी. "घाटावर थांबलो, मग स्टार्टच होईना, अर्ध्या तासानं झाली," असं म्हणालं तर क्रँक सेन्सरवर संशय घे, कोड पी०३३५ असो वा नसो. तो सेन्सर तापल्यावर आतून तुटतो आणि गार झाल्यावर पुन्हा जुळतो. गॅरेजात गार गाडीवर तपासशील तर धडधाकट दिसेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कोडात ज्या पार्टचं नाव येतं तो पार्ट खराब आहे असं धरून चालू नकोस. पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. हे ऑक्सिजन सेन्सरनं कळवलं; म्हणून सेन्सर बदलणारे मिस्त्री गावोगाव आहेत. त्या बिचाऱ्यानं खरं तेच सांगितलं. चिरलेला व्हॅक्यूम पाइप शोध, मॅनिफोल्डचं गास्केट बघ, एअर फिल्टरच्या पुढची रबरी नळी वाकवून तिच्या घडीत फट आहे का बघ. ती फट इंजिन हललं की उघडते, म्हणून दिवा येतो-जातो. शिवाय हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. निव्वळ पेट्रोलला वजनानं १४.७ पट हवा लागते, या मिश्रणाला साडेतेरा पटीच्या आसपास. जुन्या गाडीचा कॉम्प्युटर ती तफावत जास्त पेट्रोल सोडून भरून काढतो; पाइपात आधीच बारीक गळती असेल तर भरपाईची मर्यादा संपते आणि दिवा लागतो. या भरपाईचा, म्हणजे फ्युएल ट्रिमचा, आकडा बघायची सवय लाव.

परदेशी व्हिडिओत पहिला सल्ला टाकीचं झाकण घट्ट करण्याचा असतो. अमेरिकेच्या नियमात टाकीतल्या वाफेची गळती तपासणं सक्तीचं आहे, म्हणून तिथं तो लागू. आपले नियम युरोपच्या वळणाचे, त्यात ती सक्ती नाही. झाकण घट्ट असावंच, पण त्यात वेळ घालवू नकोस.

इथं बॅटरीपासून सुरू कर. उभ्या गाडीवर साडेबारा व्होल्टच्या वर, चालू इंजिनवर साधारण पावणेचौदा ते साडेचौदा. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पूड घास. मग बॉडीला आणि इंजिनला जिथं अर्थिंग दिलंय ते बोल्ट खोल, पत्रा चकचकीत कर, पुन्हा आवळ. आपल्या पावसात गंज तिथं बसतो, आणि एका खराब अर्थिंगपायी एकमेकांशी संबंध नसलेले चार-चार कोड येतात. असे विजोड कोड एकत्र दिसले की एकही पार्ट मागवू नकोस.

मग वायरिंग. लाइव्ह डेटा स्क्रीनवर ठेव, इंजिन स्लोवर सोड आणि एकेक कपलर, एकेक वळण हातानं हलव. कूलंट सेन्सरचा आकडा मध्येच उणे चाळीसवर गेला की समज, तिथं वायर क्षणभर सुटली. सर्किट तुटल्यावर पुष्कळ गाड्या हाच आकडा दाखवतात. कपलरच्या आत हिरवट डाग असेल तर क्लीनरनं साफ कर, सैल पिन घट्ट कर, रबरी सील जाग्यावर आहे का बघ. गॅरेजात काहीच सापडलं नाही तर पाऊस आणि ऊन तूच तयार कर: चालू इंजिनच्या कॉइलवर बाटलीनं पाण्याचा बारीक फवारा मार, मात्र त्या वेळी कॉइलला हात लावायचा नाही. संशयित सेन्सरला हेअर ड्रायरनं ऊब दे. एकाच सिलिंडरचं मिसिंग असेल, समजा पी०३०२, तर दोन नंबरची कॉइल तीनवर घाल. कोड पी०३०३ झाला की कॉइल गेली. दोनवरच राहिला तर प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन.

आणि उंदीर. घनसाळची सुगी झाली, भात घरात आलं, की अंगणातल्या गाडीच्या उबेत उंदीर शिरतात. इंजिनवरच्या कव्हरखाली पेंढ्याच्या काड्या, लेंड्या दिसल्या तर वायरिंगची जाळीची नळी सोडून पूर्ण लांबी तपास. अर्धवट कुरतडलेली तार कोरड्यात चालते आणि दमट हवेत दगा देते. नुसती टेप गुंडाळून देऊ नकोस; झाळून वर हीट-श्रिंक नळी चढव.

दोन दिव्यांबाबत मात्र तपास-बिपास काही नाही, फोनवरच सांगायचं. पिवळा दिवा लुकलुकत असेल तर इंजिन जोरात मिसिंग मारतंय; न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापून वितळतो. पाय काढायचा, जमेल तितक्या लवकर बाजूला थांबायचं. ऑइलच्या किटलीचा लाल दिवा लागला तर त्याच जागी इंजिन बंद, मग गाव दोन किलोमीटरवर असलं तरी टोचन लावून आणायची.

काम झाल्यावर कोड पूस, आणि वहीतली फ्रीझ फ्रेम काढून त्याच वेगाला, तेवढ्याच तापमानाला, तशाच चढाला गाडी चालव. घाटात लागलेला दिवा बाजारपेठेत फेरी मारून तपासला असं होत नाही. गिऱ्हाईकाला डिझेल-पेट्रोलचा खर्च आधी सांग आणि आंबोली घाट उतरून पुन्हा चढून ये. परत आल्यावर पेंडिंग कोड पुन्हा बघ, मगच बिल कर.

कुणी जुनी गाडी घ्यायला म्हणून तुला दाखवायला आणली, तर इंजिन चालू करायच्या आधी नुसती चावी फिरव. इंजिनचा पिवळा दिवा त्या वेळी लागलाच पाहिजे. लागला नाही तर मीटर उघडून बघितल्याशिवाय गाडी घ्यायला सांगू नकोस.