तीन हजार शब्दांची यादी विकत घेण्याआधी

बारावीची परीक्षा संपली की पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात एक ठरलेली मागणी ऐकू येते, ‘व्होकॅब्युलरीचं चांगलं पुस्तक द्या.’ मूल मराठी माध्यमातलं असेल तर पालकांच्या आवाजात थोडी काकुळतीही असते. दुकानदार जाडजूड पुस्तक काढून देतो. मूल ‘ए’पासून घोकायला बसतं आणि ‘सी’ संपायच्या आत पुस्तक माळ्यावर जातं. मग घरात ‘याला चिकाटीच नाही’ हा विषय निघतो. कोणत्या परीक्षेसाठी कोणते शब्द लागणार आहेत, हे मात्र पुस्तक घेताना कुणीच विचारलेलं नसतं.

कठीण शब्दांचा धाक आपल्याकडे पसरला तो मुख्यतः जीआरईमुळे. अमेरिकेत एमएस करायला निघालेल्या एका पिढीने रात्र रात्र शब्द पाठ केले, कारण तेव्हा विरुद्धार्थी शब्द सरळ विचारत. ऑगस्ट 2011 मध्ये तो प्रकार बंद झाला. सप्टेंबर 2023 पासून तर पूर्ण परीक्षाच 1 तास 58 मिनिटांची झाली आणि व्हर्बलचे प्रश्न 27 उरले. शब्द आजही अवघड असतात, पण ते वाक्यात बसवलेले येतात. सेंटेन्स इक्विव्हॅलन्समध्ये सहा पर्यायांतून असे दोन निवडायचे असतात, की कोणताही घातला तरी वाक्याचा अर्थ सारखाच राहावा. गंमत अशी, की एकमेकांना समानार्थी असलेली पण त्या वाक्यात न बसणारी एखादी जोडीही त्या सहांत असू शकते. यादी पाठ करून गेलेला विद्यार्थी नेमकी तीच उचलतो.

एमबीएच्या प्रवेशासाठीच्या कॅटमध्येही 2021 पासून इंग्रजीच्या विभागातल्या 24 प्रश्नांपैकी 16 वाचनाच्या उताऱ्यांवर येत आले आहेत. कायद्याच्या प्रवेशाची क्लॅटही 2020 पासून उताऱ्यांवरच उभी आहे. याउलट सरकारी नोकऱ्यांसाठीची एसएससी सीजीएल. तिथे समानार्थी, विरुद्धार्थी, वाक्प्रचार, शब्दसमूहासाठी एक शब्द हे सगळं अजूनही थेट विचारतात. पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे 25 प्रश्न असतात, दुसऱ्यात 45. म्हणून सीजीएल देणाऱ्याने यादी जरूर पाठ करावी. फक्त ती जुन्या प्रश्नपत्रिकांतून स्वतः काढावी, तेच तेच शब्द पुन्हा येताना दिसतील.

आता खरी अडचण. ज्यांना ‘ॲडव्हान्स्ड’ शब्द हवे असतात त्यांचे मधले शब्दच बऱ्याचदा कच्चे असतात. न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली ॲकॅडमिक वर्ड लिस्ट प्रसिद्ध केली. निरनिराळ्या विषयांच्या अभ्यासग्रंथांत सतत भेटणारे 570 शब्द आणि त्यांची कुटुंबं तिच्यात आहेत. ‘अझ्यूम’, ‘कन्सिस्टंट’, ‘डिराइव्ह’, ‘एव्हिडन्स’ अशी ही मंडळी. दिसायला साधी, पण अभ्यासाच्या लेखनातला सुमारे दहावा हिस्सा त्यांनी व्यापलेला असतो. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी पुस्तक अंगावर येतं ते यांच्यामुळे. ही यादी फुकट मिळते. माझं ऐकाल तर जाडजूड पुस्तकाआधी ही संपवा.

संपवा म्हणजे नुसते अर्थ पाठ करा असं नव्हे. ‘एव्हिडन्स’ म्हणजे पुरावा हे सगळ्यांना येतं, तरी निबंधात ‘एव्हिडन्सेस’ लिहिलं जातं. शब्दाचं अनेकवचन होतं का, त्याच्यापुढे कोणतं शब्दयोगी अव्यय येतं, तो कुणाच्या सोबतीने वावरतो, हे कळल्याशिवाय तो आपला होत नाही. यासाठी शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश वापरावा. लाँगमनचा तसा कोश 1978 मध्ये आला तेव्हा त्यातले अर्थ सुमारे दोन हजार सोप्या शब्दांतच दिलेले होते. म्हणजे मराठी माध्यमाच्या मुलालाही तो झेपतो, आणि प्रत्येक शब्दाचं वाक्य समोर असतं.

लक्षात राहण्याचं काय? एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्येच दाखवलं होतं, की पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरतं आणि अंतरा-अंतराने केलेली उजळणी टिकते. त्यावरचा विज्ञानलेखक लाइटनर यांचा उपाय अगदी घरगुती आहे. बुटांच्या खोक्यात तीन कप्पे करा. कार्डाच्या एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ आणि स्वतः रचलेलं वाक्य. आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने. रोज नवे पाचच शब्द घ्या आणि तेही त्या दिवशी वाचलेल्या अग्रलेखातून किंवा लेखातून. पन्नास घ्यायचा उत्साह चौथ्या दिवशी मावळतो.

परदेशी विद्यापीठाच्या अर्जासोबत द्यायच्या निवेदनाबद्दल, म्हणजे एसओपीबद्दलही सांगायला हवं. कोशातून वेचलेले ‘प्लेथोरा’ आणि ‘मिरियड’ पेरले की निवेदन भारदस्त होतं, हा समज क्लासवाल्यांनी पसरवला असावा. अर्ज वाचणाऱ्याला तुमचा प्रोजेक्ट कळायला हवा असतो. मुलाखतीतही तेच. जो शब्द तुम्ही बोलताना कधी वापरलेला नाही, तो पॅनलसमोर पहिल्यांदा वापरून बघू नका.

पालकांनी जेवताना ‘या शब्दाचा अर्थ सांग’ अशी उलटतपासणी घेऊ नये. त्यापेक्षा आज वाचलेला लेख मराठीत सांगायला लावावा. आपलं इंग्रजी बेताचं असलं तरी हे जमतं. मूल कुठे अडखळतं, कुठे गोलमाल बोलतं ते लगेच कळतं, आणि उद्याचे पाच शब्द बहुधा त्याच परिच्छेदात सापडतात.